हातचा एक

आम्ही उरणचे. उरणचे म्हटले की मुंबईचे पाहुणे दोनच गोष्टी विचारतात. मोऱ्याची लाँच किती वाजता सुटते आणि बंदरात कुणाची ओळख आहे का. पहिल्याचे उत्तर भरती-ओहोटीला विचारावे लागते. दुसऱ्याचे उत्तर मात्र आम्ही पंचवीस वर्षे देत आलो, कारण आमची सारी नोकरी न्हावा-शेव्याच्या बंदराच्या आसऱ्याने झाली. एका क्लिअरिंग एजंटच्या पेढीत कागद करणे हे आमचे काम. किती पेट्या, किती वजन, कोणते जहाज, कोणता सील नंबर. मालाला आम्ही कधी हात लावला नाही, लावला तो आकड्यांना. त्या आकड्यांतला एक आम्ही लिहायचा ठेवला होता. आज तो लिहायला बसलो आहोत.

आकड्यांची ओळख अब्बांनी करून दिली. ते मिठागरावर हिशेबनीस होते. उरणची बरीचशी खाजणे तेव्हा मिठाची होती. अब्बांच्या नोंदवहीत गोणींच्या संख्येसाठी छापलेले चार खण असत. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत सगळे ठीक चाले. त्याच्या पुढे गेले की अब्बा खणांच्या डावीकडे, समासात, लाल शाईने पाचवा आकडा लिहीत आणि खाली सही करीत. कुणी हसले तर म्हणत, "चौकट छापखान्यानं आखलीय, मीठ समुद्रानं दिलंय. समुद्राला चौकट माहीत नाही."

एका उन्हाळ्यात अब्बांना हिवताप झाला आणि आठवडाभर दुसऱ्या कुणी वही लिहिली. गोणी झाल्या होत्या १०,२४०. खण चार. त्या गृहस्थाने मावले तेवढे लिहिले: ०२४०. तीच संख्या चिठ्ठीवर मुंबईच्या मालकाकडे गेली आणि मालकाने २४० गोणींना पुरेल असा एक लहान मचवा धाडला. बाकीच्या दहा हजार गोणी धक्क्यावर उघड्यावर राहिल्या आणि तीन दिवसांनी रोहिणीचा पाऊस आला. मिठाचे पुढे काय झाले ते सांगायला नको. अब्बा अंथरुणातून उठून धक्क्यावर गेले, ते ओल्या रिकाम्या पोत्यांकडे बघत उभे राहिलेले आम्हांला अजून आठवतात. रागावले नाहीत. रात्री आम्हांला बेरीज घालून दिली आणि हातचा बोटांवर न धरता कागदावर लिहायला लावला. म्हणाले, "हातचा विसरला की हिशेब चुकलेला दिसत नाही, बरोबरच दिसतो. म्हणून जपायचं."

हे सारे आम्ही विसरून गेलो होतो. आठवण झाली ती २०१७ साली.

पेढीत चार संगणक होते आणि ते सांभाळायला जासईकडच्या एका आगरी घरातला मुलगा होता. बारावीनंतर कसलासा कोर्स केलेला, हुशार, आम्हांला काका म्हणे. मार्चअखेर म्हणजे आमच्या धंद्यात लगीनघाई. कस्टमचे कागद भरायचे, वर्षाचा हिशेब मिटवायचा, आणि नेमक्या त्याच दिवसांत संगणक काम थांबवून अपडेट लावत बसे. पडद्यावर गोल फिरत राही आणि फोनवर निर्यातदार ओरडत राही. एकदा आम्ही वैतागून मुलाला म्हणालो, "ही भानगड आधी बंद कर. एप्रिलात बघू." तो म्हणाला, "काका, सुरक्षेची दुरुस्ती असते त्यात." आम्ही म्हणालो, "पेढी माझ्या भरवशावर आहे की तुझ्या?" त्याने चारही संगणकांवर अपडेट बंद केले. एप्रिल आला, गेला. आम्हांला त्याची आठवण राहिली नाही, आणि आम्ही ज्या स्वरात बोललो होतो त्यानंतर त्याने पुन्हा विचारले नाही.

१२ मे २०१७ हा शुक्रवार होता. जगभर वॉनाक्राय नावाचा संगणकी रोग त्याच दिवशी पसरला. शनिवारी सकाळी पेढी उघडली तर चारही पडद्यांवर लाल चौकट. फायली कुलूपबंद झाल्या आहेत, तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. पाच-सहा वर्षांचे कागद गेले. शेठ आले, उभ्यानेच विचारले, "संगणक कुणाच्या ताब्यात होते?" मुलगा आमच्याकडे पाहू लागला. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मग आम्ही म्हणालो, "याच्या." एक अक्षर खोटे नव्हते. संगणक त्याच्याच ताब्यात होते. महिनाअखेरीला त्याचा हिशेब करून त्याला रजा दिली. तो हिशेबही आम्हीच केला.

त्या वर्षी रमजान ईद सोमवारी, २६ जूनला झाली. मंगळवारी बासी ईद. उरलेला शीरखुर्मा आणि पाहुण्यांचे येणे-जाणे चालूच होते. बुधवारी कामावर निघालो तर करळ फाट्याच्या अलीकडेच ट्रेलरांची रांग लागलेली. ड्रायव्हर चाकांच्या सावलीत बसलेले. कळले की मंगळवारी नॉटपेट्या नावाच्या नव्या हल्ल्यात मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले आहेत, आणि तिच्याच समूहाकडे असलेले आपल्या बंदरातले गेटवे टर्मिनल, ज्याला आम्ही सगळे जीटीआय म्हणतो, तेही थांबले आहे. वर्षाला सुमारे १८ लाख पेट्यांची क्षमता असलेले टर्मिनल. क्रेन उभ्या, जहाज उभे, माल उभा, आणि कोणती पेटी कोणाची हे सांगणारा संगणक मुका. माणसांनी हातांनी काम ओढायचा प्रयत्न केला. पण लाखो पेट्यांचा कारभार हाताने चालावा इतके हात आता कुठल्याच बंदराकडे उरलेले नाहीत.

मर्स्कने नंतर आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरच्या घरातले सांगितले. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत दावोसमध्ये सांगितले. साऱ्या जाळ्याचा नकाशा ज्या यंत्रांत असतो ती जगभरची यंत्रे पुसली गेली होती. एक तेवढे वाचले ते घानातल्या कचेरीतले, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. लोडशेडिंगला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या. त्या दिवसापासून जरा जपून देतो.

पण आम्हांला झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. वर्तमानपत्रात आले होते की मे महिन्यातला रोग आणि हा हल्ला, दोन्ही एकाच भगदाडातून आत शिरतात, आणि ते भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिलेली होती. म्हणजे आमच्या मार्चअखेरच्या आधी पंधरा दिवस. पडद्यावर जे गोल फिरत होते ते हेच होते.

भगदाड नक्की कसले होते ते कळायला सात वर्षांहून अधिक काळ गेला. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल गाडी आली. एवढी वर्षे ज्या गाडीच्या नुसत्या बातम्या वाचल्या तिच्यात आता आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेरुळला जातो. २०२५ च्या सुरुवातीला असेच निघालो होतो. द्रोणागिरीला एक तिशीतला माणूस चढला, समोर बसला, आणि म्हणाला, "काका, ओळखलंत का?" आम्ही ओळखले. ओळखले नाही असे दाखवायचा मोह झाला, हेही खरे आहे.

पेढी सुटल्यावर तो पुढे शिकला होता. महापेच्या एका कंपनीत आता संगणकाच्या गाभ्याचे काम करतो. गाभा म्हणजे कर्नेल. त्याने आपणहून समजावून सांगितले, आमच्याच डॉक्टरच्या लिफाफ्याच्या पाठीवर आकडे मांडून. आम्हांला समजले ते असे.

कर्नेल हा संगणकातला कोठीवाला. स्मृतीची जागा, फायली, जाळ्याच्या वाटा, सगळ्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. कुठल्याही प्रोग्रॅमला काही ठेवायचे असले की तो कोठीवाल्याकडे जाऊन सांगतो, एवढे सामान आहे, एवढी खोली द्या. कोठीवाला हिशेब करतो आणि खोली देतो. आता हिशेबाची वही अब्बांच्या वहीसारखीच, ठरावीक खणांची. फक्त इथे एका खणात ० किंवा १ एवढेच मावते. सोळा खणांत सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. त्यात एक मिळवला की सगळे खण शून्य होतात आणि हातचा एक खणांबाहेर पडून नाहीसा होतो. बत्तीस खण घेतले तर ही मर्यादा ४ अब्ज २९ कोटींच्या पुढे जाते, पण मर्यादा ती मर्यादाच.

"समजा," तो म्हणाला, "कुणी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२५ वस्तूंना जागा मागितली, प्रत्येकी ४ बाइटची. गुणाकार बत्तीस खणांत मावत नाही. वहीत उरतं किती, माहितीय? चार. कोठीवाला एका वस्तूची खोली देतो, आणि मागणारा शंभर कोटींचं सामान आत ढकलायला लागतो."

सामान भिंत फोडून शेजारच्या खोलीत शिरते. शेजारी कोण असावा हे हल्लेखोर आधीच जमवून ठेवतो. शेजारच्या खोलीत कोठीवाल्याचे स्वतःचे हुकूमनामे असले की त्यांवर आपले अक्षर उमटवायचे. पुढे कोठीवाला त्याचेच हुकूम पाळतो.

२०१७ चे भगदाड याचेच भावंड होते. विंडोजमध्ये फायलींची देवाणघेवाण करणारा जुना भाग होता. त्यात फायलींच्या गुणधर्मांची यादी ओएस/२ या ऐंशीच्या दशकातल्या पद्धतीतून नव्या पद्धतीत उतरवून घेतली जाई. पाठवणारा सांगतो, यादी ६५,५३६ बाइटची आहे. कर्नेल यादी तपासतो, शेवटचा भाग अवैध निघतो, आणि ठरते की कामाची यादी ६५,३७३ चीच. खोली तेवढ्याच यादीच्या हिशेबाने द्यायची. इथपर्यंत सगळे नीट. आता यादीच्या माथ्यावरचा जुना आकडा खोडून नवा लिहायचा. तो बत्तीस खणांचा होता, पण लिहिणाऱ्याने खालचे सोळाच खण लिहिले. वरच्या अर्ध्यात ६५,५३६ मधला एक तसाच राहून गेला. आकडा झाला १,३०,९०९. खोली लहान यादीची आणि सामान दुप्पट यादीचे.

"हातचा पुसायचा राहिला," आम्ही म्हणालो.

"अगदी तेच. अर्धाच आकडा लिहिला."

आम्ही खिडकीबाहेर पाहिले. न्हावा-शेवा स्थानक मागे पडत होते, यार्डात पेट्यांवर पेट्या रचलेल्या दिसत होत्या.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला ही चूक ठाऊक होती. तिने ती मायक्रोसॉफ्टला न सांगता शस्त्र म्हणून जपली. ते शस्त्र चोरीला गेले आणि १४ एप्रिल २०१७ ला चव्हाट्यावर आले. दुरुस्ती तशी लहान होती. अर्धा नव्हे, पूर्ण आकडा लिहा. जगाला अब्जावधी डॉलरना पडलेल्या चुकीचे औषध एवढेच.

तो न्यायाने बोलत होता, म्हणून त्याने हेही सांगितले की नॉटपेट्याकडे ही एकच किल्ली नव्हती. तो संगणकाच्या स्मृतीतून पासवर्डही गोळा करी, त्यामुळे एक दुरुस्त न केलेले यंत्र सापडले की जाळ्यातली दुरुस्त यंत्रेही पडत. आणि त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये विष कालवून झाली होती. म्हणजे अपडेट लावले नाही म्हणून आमची पेढी बुडाली, आणि अपडेट लावले म्हणून तिथल्या पेढ्या. आम्ही म्हणालो, मग माणसाने करावे तरी काय. तो म्हणाला, "काका, आपल्या हातात असेल तेवढं करावं. माझं काम तेवढंच आहे."

त्याचे काम म्हणजे लिनक्सच्या कर्नेलमध्ये असे हिशेब शोधणे आणि सुधारणे. पद्धत ऐकून आम्हांला मौज वाटली. गुणाकार करून उत्तर मावले का ते बघायचे नाही, कारण न मावलेले उत्तर मावल्यासारखेच दिसते. आधी भागाकार करायचा. खणांची सर्वांत मोठी संख्या एका वस्तूच्या आकाराने भागायची, आणि मागणी भागाकाराहून मोठी असेल तर गुणाकार करायचाच नाही. सरळ सांगायचे, जागा नाही. २०१८ साली लिनक्समध्ये अशा कितीतरी ठिकाणचे उघडे गुणाकार काढून तपासणी करणारी रीत घातली गेली.

दुसरा प्रकार मोजणीचा. एखादी वस्तू किती जण वापरताहेत हे कर्नेल मोजत असतो. शून्य झाले की वस्तू मोडीत काढून जागा दुसऱ्याला द्यायची. २०१६ च्या जानेवारीत उघडकीला आले की लिनक्समध्ये किल्ल्यांचा जुडगा सांभाळणाऱ्या भागात एका वाटेने मोजणी वाढते, पण कमी करायची राहून जाते. कुणी चिकाटीने चार अब्जांवर वेळा तीच मागणी केली की मोजणी फिरून शून्यावर येते. चाळीतला भाडेकरू घरात जेवत बसला आहे आणि मालकाने खोली रिकामी समजून दुसऱ्याला दिली, असा प्रकार. ही चूक २०१२ पासून तिथे होती. त्यानंतर मोजणीची नवी तऱ्हा आली. आकडा टोकाला पोचला की तिथेच चिकटून बसतो, फिरून शून्य होत नाही. ती एक खोली मग कायमची अडून राहते. राहू दे. खोली वाया गेलेली परवडते, भाडेकरू रस्त्यावर आलेला परवडत नाही.

आम्हांला आमची थोरली खाला आठवली. तिला मूलबाळ नव्हते, आईवडील आधीच गेलेले, भाऊ नाही. ती वारली तेव्हा मागे खालू आणि दोन सख्ख्या बहिणी, त्यांतली एक आमची अम्मी. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे पैसे वाटायचे होते. वारसाहक्काच्या नियमाने नवऱ्याला अर्धा वाटा आणि दोन बहिणींना मिळून दोन तृतीयांश. बेरीज करा. सहा भागांपैकी तीन आणि चार, म्हणजे सात. मालमत्ता एक आणि हक्क एकाहून जास्त. घरात कुजबुज सुरू झाली की शेवटी येईल त्याचे कमी होणार. मौलानांनी कागद मागवला आणि सांगितले की हा पेच नवा नाही, हजरत उमर यांच्या खिलाफतीत असाच प्रसंग आला होता. सल्लामसलतीने ठरले की सहाचे सात भाग करायचे. खालूला तीन, बहिणींना चार. प्रत्येकाचे थोडे कमी झाले, पण उघडपणे आणि सारख्या प्रमाणात. याला औल म्हणतात.

त्याला ही गोष्ट सांगितली तर त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "म्हणजे मावत नाही हे त्यांनी आधी मान्य केलं." आम्ही म्हणालो, हो. पुढे बोलणे झाले नाही. गाडी खारकोपर सोडून पुढे गेली होती. नेरुळला तो उतरून दुसरी गाडी धरणार होता. हातात दहा-बारा मिनिटे होती.

वाचकहो, न मावणारा आकडा हा काही गुन्हा नव्हे. वह्या लहान असतात, समुद्र मोठा असतो. गुन्हा होतो तो मावला असे दाखवण्यात. अब्बा समासात लाल शाईने जे लिहीत होते, मौलाना सहाचे सात करून जे सांगत होते, हा मुलगा महापेच्या कचेरीत बसून यंत्राला जे शिकवतो आहे, ते एकच आहे. मला हे पेलत नाही, असे वेळेवर म्हणणे. आम्हांला ते शनिवारी सकाळी शेठसमोर म्हणता आले नव्हते. "संगणक याच्या ताब्यात होते" हा खालचा अर्धा आकडा होता. वरचा एक आम्ही आमच्याकडे ठेवून घेतला, आणि त्याची किंमत तेव्हा बावीस वर्षांच्या असलेल्या पोराने भरली.

आम्ही म्हणालो, "अपडेट बंद करायला मी सांगितलं होतं. शेठना ते मी सांगितलं नाही."

तो हसला नाही, रागावलाही नाही. बराच वेळ लिफाफ्यावरचे आकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या बाबांना वाटत राहिलं की चूक माझीच होती. जाईपर्यंत."

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. नेरुळ आले. उतरताना त्याने वाकून आमची पिशवी फलाटावर ठेवली, सांभाळून जा म्हणाला, आणि गर्दीत दिसेनासा झाला. लिफाफा आमच्याकडे राहिला.

शेठ आता घरीच असतात. त्याच आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि सगळे सांगितले. ते म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" उपयोग नाहीच. पोराचे बाबा परत येणार नाहीत, आमचेही मीठ तेव्हा परत आले नव्हते. तरी आम्ही त्यांच्याकडून एक कागद लिहून घेतला, की मे २०१७ च्या नुकसानीत त्या मुलाचा दोष नव्हता, आणि खाली दोघांच्या सह्या केल्या. सही करायला लाल शाईचे पेन मिळाले नाही. निळ्यानेच केली. कागद त्याच्या गावच्या पत्त्यावर, त्याच्या आईच्या नावाने धाडला आहे.